काळा धूर म्हणजे ताकद नव्हे
डिझेल पिकअपला ट्यूनिंग बॉक्स (इंजिनात जास्त डिझेल सोडायला लावणारं उपकरण) लावल्यावर सायलेन्सरमधून काळा धूर सुटला, की ‘आता गाडी ओढणार’ असं सांगतात. साफ चूक. तो धूर म्हणजे अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी.

1 किलो डिझेल जाळायला साधारण 14.5 किलो हवा लागते. पण सिलिंडरमध्ये मिश्रण एकसारखं होत नाही, म्हणून 18 ते 20 किलो तरी हवी. हवा त्याखाली जाईल इतकं डिझेल वाढवलं तर ताकद नावापुरती, उष्णता मात्र बेसुमार: पिस्टनचा माथा वितळतो, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) जातो.

आधी इंटरकूलरचे (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज आणि क्लिपा तपासा. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा, गळत असेल तर कुठलाही मॅप (डिझेल किती सोडायचं याची सेटिंग) धूरच देणार. मग टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (सिलिंडरमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर) तापमानाचा सेन्सर बसवा. भरलेली गाडी घाटात चढवताना आकडा 700 अंश सेल्सिअसच्या वर टिकला, तर डिझेल कमी करा.