डीबीएस: जाळण्यापासून थोपवण्यापर्यंत

डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) म्हणजे मेंदूच्या खोल भागात इलेक्ट्रोड, म्हणजे विजेची बारीक तार, बसवून तिथे सतत विजेचे ठोके देण्याचा उपचार. कंपवातावर (पार्किन्सन्सवर) परिणामकारक औषध मिळण्याच्या कितीतरी आधीपासून न्यूरोसर्जन या आजारासाठी मेंदूत हात घालत होते. 1947 मध्ये फिलाडेल्फियात श्पीगल आणि विसिस यांनी माणसाच्या डोक्यासाठी स्टिरिओटॅक्टिक उपकरण तयार केले. त्यामुळे मेंदूच्या खोल भागातला ठरावीक बिंदू मोजमापाने गाठता येऊ लागला. पण तिथे पोहोचून पेशी नष्टच केल्या जात. थॅलॅमस या मेंदूच्या खोलवरच्या केंद्रातला छोटासा भाग जाळला की हाताची थरथर थांबायची. मात्र जाळलेले परत येत नाही. नेम जरा चुकला तर हातापायातले बळ जायचे, आणि दोन्ही बाजूंना शस्त्रक्रिया केली तर बोलणे बिघडण्याची भीती असायची.

1967 मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपा या औषधाचे मोठे डोस देऊन रुग्ण हिंडते-फिरते करून दाखवले आणि या शस्त्रक्रिया जवळजवळ बंद पडल्या. काही वर्षांतच या औषधाच्या गोळीची दुसरी बाजू दिसली. तिचा असर मधेच ओसरायचा, रुग्ण जागच्या जागी अडकायचा, आणि असर चढला की अंग नको तितके वळवळायचे.

फ्रान्समधल्या ग्रेनोब्ल शहरात अलीम-लुई बेनाबिद अजूनही थॅलॅमसवर शस्त्रक्रिया करत होते. भाग जाळण्याआधी, रुग्ण जागा असताना, नेम बरोबर आहे ना हे इलेक्ट्रोडमधून थोडी वीज सोडून पाहायची पद्धत होती. सेकंदाला शंभराच्या आसपास ठोके दिले की थरथर थांबते आणि वीज बंद केली की परत येते, हे त्यांनी पाहिले. असे काही आधीच्या सर्जनांच्याही नजरेस आले होते, आणि लेनिनग्राडमध्ये नताल्या बेख्तेरेवा यांनी 1960 च्या दशकातच उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवले होते. तरीही, जी वीज केवळ तपासणीपुरती वापरली जात होती तिलाच कायमचा उपचार करण्याचे श्रेय मी बेनाबिद आणि न्यूरॉलॉजिस्ट पिएर पोलाक यांनाच देईन. 1987 च्या त्यांच्या शोधनिबंधातले रुग्ण मोठे बोलके आहेत: एका बाजूचा थॅलॅमस आधीच जाळलेला, आणि दुसरी बाजू जाळणे धोक्याचे म्हणून तिथे इलेक्ट्रोड.

थॅलॅमसमुळे थरथर आटोक्यात आली, पण ताठरपणा आणि मंदावलेल्या हालचाली तशाच राहिल्या. त्यावरचा मार्ग एका दुर्दैवी घटनेतून निघाला. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात भेसळयुक्त अमली पदार्थ घेतलेले काही तरुण अचानक कंपवाताच्या रुग्णांसारखे ताठ झाले. त्यातला एमपीटीपी हा घटक मेंदूत डोपामिन हे हालचालींना लागणारे रसायन बनवणाऱ्या पेशी मारतो, हे विल्यम लँगस्टन यांच्या गटाने शोधले. हाच घटक देऊन माकडांत आजार निर्माण करता येऊ लागला. 1990 मध्ये महलॉन डीलाँग यांच्या गटाने अशा माकडांतले सबथॅलॅमिक न्यूक्लिअस हे थॅलॅमसखालचे छोटे केंद्र नष्ट केले, तेव्हा त्यांच्या हालचाली सुधारल्या.

माणसात मात्र या केंद्राला इजा झाली तर हातपाय जोराने फेकले जातात, म्हणून सर्जन त्यापासून लांब राहत. तिथे पोहोचण्याचे धाडस 1993 मध्ये ग्रेनोब्लच्या गटाने केले, कारण वीज कमी करता येते, बंदही करता येते. माझ्या मते डीबीएसचे खरे मोल इथेच आहे.

अमेरिकेत 1997 मध्ये थरथरीसाठी आणि 2002 मध्ये कंपवाताच्या इतर लक्षणांसाठी मान्यता मिळाली. 2003 मध्ये डिस्टोनियासाठीही (स्नायू आपोआप आखडून अंग पिळवटणारा आजार) मर्यादित मंजुरी आली. 2006 मध्ये जर्मन गटाने 156 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला: सहा महिन्यांनंतर, फक्त औषधांवर असलेल्यांपेक्षा डीबीएस झालेल्यांचे रोजचे जगणे अधिक सुसह्य होते. बेनाबिद आणि डीलाँग यांना 2014 मध्ये वैद्यकीय संशोधनातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

वीज तिथे नेमके काय करते, यावर अजून एकमत नाही. पेशी गप्प होतात, हे जुने उत्तर आता अपुरे वाटते. केंद्रांमधली बिघडलेली लय मोडते, असा पुरावा वाढतो आहे, आणि ती लय ओळखून वीज कमी-जास्त करणारी यंत्रे त्यातूनच आली. आजार मात्र पुढे सरकतच राहतो. शस्त्रक्रियेचा किती उपयोग होईल, हे आधी लेव्होडोपा देऊन पाहतात. थरथर सोडली, तर जे लक्षण गोळीने सुधारत नाही ते विजेनेही सहसा सुधारत नाही, आणि तोल व बोलणे बहुतेकदा त्यातच मोडतात.