रिबन क्रीक ते रहील सिद्दिकी: पॅरिस आयलंडवरील मृत्यूंची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मरीन कोअर या लष्करी दलातील गनरी सार्जंट जोसेफ फेलिक्स याला नोव्हेंबर २०१७ मध्ये कॅम्प लेजून या लष्करी तळावरील कोर्ट मार्शलने (लष्करी न्यायालयाने) १० वर्षांची कैद, साध्या शिपायाच्या हुद्द्यापर्यंत पदावनती आणि सेवेतून मानहानीकारक बडतर्फी अशी शिक्षा सुनावली. साउथ कॅरोलायनातील पॅरिस आयलंड या प्रशिक्षण केंद्रात ड्रिल इन्स्ट्रक्टर (कवायत शिकवणारा सार्जंट) असताना त्याने डझनाहून अधिक रिक्रूटांना, म्हणजे नव्याने भरती झालेल्या मुलांना, मारहाण केली, त्यांचा छळ केला आणि त्यातही मुस्लिम मुलांना हेरून लक्ष्य केले, हे सिद्ध झाले होते. त्याच्या ताब्यात असलेला रहील सिद्दिकी हा पाकिस्तानी वंशाचा २० वर्षांचा तरुण मार्च २०१६ मध्ये बराकीच्या तिसऱ्या मजल्यावरून पडून मरण पावला होता, मात्र त्या मृत्यूला कारणीभूत ठरल्याचा आरोप फेलिक्सवर ठेवलेला नव्हता. निकालानंतर बहुतेक बातम्यांचा रोख एका क्रूर माणसावर राहिला. याच बेटावर १९५६ मध्ये सहा रिक्रूट एका रात्रीत बुडाले होते, त्यानंतर जगभर गाजलेला खटला झाला होता आणि असे पुन्हा घडणार नाही असे आश्वासन खुद्द मरीन कोअरच्या प्रमुखाने अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिले होते. तो इतिहास समोर ठेवल्याशिवाय २०१६ च्या घटनेचा अर्थ लागत नाही.

पॅरिस आयलंड हे खाड्या, दलदल आणि उंच पाणगवत यांनी वेढलेले बेट आहे. १९१५ पासून मरीन कोअर येथे रिक्रूटांना घडवते. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील राज्यांतून भरती झालेली मुले इथे येतात आणि पश्चिमेकडची सान डिएगोला जातात. या प्रशिक्षणामागील धारणा उघडपणे सांगितली जाते. मुलाची आधीची ओळख, सवयी आणि अहंकार मोडून त्याला नव्याने घडवायचे, आणि हे काम अधिकाऱ्याने नव्हे तर ड्रिल इन्स्ट्रक्टर असलेल्या सार्जंटने करायचे. बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला असतो, झोप कमी असते, आणि समोरच्या माणसाच्या शब्दाबाहेर जाण्याची सोय नसते. इतकी सत्ता एका माणसाच्या हाती दिली की तिच्यावर नजर ठेवणारा दुसरा माणूस हवाच, आणि या बेटाच्या इतिहासात तोच पुन्हा पुन्हा गैरहजर आढळतो.

८ एप्रिल १९५६ हा रविवार होता. ७१ क्रमांकाच्या प्लाटूनचा (तुकडीचा) कनिष्ठ ड्रिल इन्स्ट्रक्टर स्टाफ सार्जंट मॅथ्यू मॅकियन हा मॅसॅच्युसेट्समधील वुस्टरचा, दुसऱ्या महायुद्धात नौदलात आणि पुढे कोरियाच्या युद्धात लढलेला ३१ वर्षांचा माणूस होता. ड्रिल इन्स्ट्रक्टरचा अभ्यासक्रम पूर्ण करून त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. पाठीच्या दुखण्यामुळे तो त्या दिवशी झाडूच्या दांड्याचा आधार घेऊन चालत होता, आणि दिवसभरात थोडीफार व्होडकाही त्याच्या पोटात गेली होती. आपल्या पोरांना शिस्त नाही, ती गवतावर पसरून बसतात, ही गोष्ट त्याला सकाळपासून सलत होती. आधी त्याने बराक धुऊन काढायला लावली, काहींना थपडा मारल्या. त्यानेही समाधान न झाल्याने रात्री आठच्या सुमारास सत्तरहून अधिक मुलांना रांगेत उभे करून तो रायफल रेंजमागच्या रिबन क्रीककडे निघाला.

रिबन क्रीक ही भरती-ओहोटीची खाडी आहे. कोकणात खाडीकाठी वाढलेल्या माणसाला हे पाणी समजावून सांगावे लागणार नाही: काठाशी गुडघाभर चिखल, चार पावलांवर कमरेइतके पाणी आणि त्यापुढे अंदाज न येणारा खड्डा. मॅकियन स्वतः सर्वांत पुढे पाण्यात उतरला, आणि हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवे. प्लाटून त्याच्यामागे काठाला समांतर जाऊ लागली. त्यात अनेकांना पोहता येत नव्हते, हे त्याला ठाऊक होते. काळोखात मागच्या काही मुलांचे पाय जमिनीवरून सुटले, ती एकमेकांना धरू लागली, आरडाओरडा झाला, पोहता येणाऱ्यांनी बुडणाऱ्यांना ओढून काढण्याचा प्रयत्न केला. मॅकियननेही एकाला वाचवण्याची धडपड केली. बराकीत परतल्यावर हजेरी घेतली तेव्हा सहा जण कमी भरले. पुढचे दोन दिवस त्यांचे मृतदेह शोधून काढण्यात गेले.

त्या रात्री प्लाटूनला खाडीत नेण्याची परवानगी कोणाकडेही मागितली गेली नव्हती, आणि तिथे एकही अधिकारी नव्हता. आजच्या वाचकाला हा निष्काळजीपणा वाटेल. त्या काळात मात्र तो शिरस्ता होता. रविवारी संध्याकाळी प्लाटून पूर्णतः सार्जंटच्या हवाली असे, आणि दलदलीत फिरवून आणणे ही शिक्षा इतर इन्स्ट्रक्टरही वापरत असत. मारहाणीवर कागदोपत्री बंदी होती. प्रत्यक्षात ती सर्रास चाले आणि सगळ्यांना ते माहीत असे.

मरीन कोअरचे तत्कालीन प्रमुख जनरल रँडॉल्फ पेट ताबडतोब बेटावर पोहोचले. मॅकियन दोषी आहे आणि त्याला कठोर शिक्षा व्हायला हवी, अशी त्यांची पहिली भूमिका होती. १ मे रोजी काँग्रेसच्या संरक्षण समितीपुढे उभे राहून त्यांनी प्रशिक्षणाच्या व्यवस्थेतच उणिवा असल्याचे मान्य केले आणि सुधारणांची यादी मांडली, तेव्हा समितीचे अध्यक्ष कार्ल विन्सन यांनी स्वतंत्र चौकशी न करता सुधारणेचे काम मरीन कोअरवरच सोपवले. माझ्या मते या इतिहासातील पहिले मोठे वळण हेच होते. बाहेरच्या नजरेने या बेटाची झाडाझडती होण्याची संधी तेव्हा आली आणि हातची गेली.

खटला त्याच वर्षी १६ जुलैला सुरू झाला. बचावाचे वकील एमिल झोला बर्मन हे न्यूयॉर्कमधील नावाजलेले वकील होते आणि त्यांनी हे प्रकरण फी न घेता चालवले. त्यांनी मॅकियनच्या निर्दोषत्वाऐवजी बेटावरील रिवाजच न्यायालयासमोर उभा केला. इतर इन्स्ट्रक्टर रिक्रूटांना त्या दलदलीत नेत होते, वरिष्ठांना ते ठाऊक होते, मग एका माणसालाच खुनी का ठरवता, असा त्यांचा सवाल होता. वाचलेल्या रिक्रूटांपैकी अनेकांनी मॅकियनविषयी आपुलकीने साक्ष दिली. खुद्द जनरल पेट बचाव पक्षाचे साक्षीदार म्हणून आले. आपल्या हाती असते तर आपण त्याचा एक हुद्दा काढून घेऊन त्याची बदली केली असती, असे त्यांनी सांगितले. निवृत्त लेफ्टनंट जनरल लुईस ऊर्फ चेस्टी पुलर यांनी पेट यांच्याशी सहमती दर्शवली. मरीन कोअरमध्ये दंतकथा झालेल्या या सेनानीला रात्रीच्या कवायतीत काहीही वावगे वाटत नव्हते.

निकाल ४ ऑगस्टला लागला. सदोष मनुष्यवधाचा गंभीर आरोप आणि प्रशिक्षणार्थींच्या छळाचा आरोप सिद्ध झाला नाही, साध्या निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याचा आणि बराकीत मद्य घेतल्याचा सिद्ध झाला. नऊ महिन्यांची सक्तमजुरी, शिपायापर्यंत पदावनती आणि सेवेतून काढून टाकणे अशी शिक्षा ठरली. नौदल सचिव चार्ल्स थॉमस यांनी पुढे ती तीन महिन्यांवर आणली आणि हकालपट्टी रद्द केली. मॅकियन शिपाई म्हणून सेवेत राहिला, पाठीच्या दुखापतीमुळे १९५९ मध्ये निवृत्त झाला आणि २००३ मध्ये वारला. त्याच्याशी न्याय झाला की नाही यावर आजही वाद होतो. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, रिवाज दोषी असल्याचे भर न्यायालयात मान्य करूनही त्या रिवाजाकडे वर्षानुवर्षे काणाडोळा करणाऱ्या एकाही अधिकाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले नाही.

सुधारणा झाल्या, आणि त्या दिखाऊ नव्हत्या. पॅरिस आयलंड आणि सान डिएगो या दोन्ही केंद्रांत रिक्रूटांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र कमांड स्थापन झाली आणि ती थेट मरीन कोअरच्या प्रमुखाला उत्तरदायी असलेल्या ब्रिगेडियर जनरलच्या हाती दिली गेली. पॅरिस आयलंडची जबाबदारी वॉलेस ग्रीन यांच्याकडे आली, जे पुढे स्वतः मरीन कोअरचे प्रमुख झाले. इन्स्ट्रक्टरांची संख्या वाढली, त्यांची निवड कसोशीने होऊ लागली, दैनंदिन देखरेखीसाठी अधिकारी नेमले गेले. इन्स्ट्रक्टरला प्रतिष्ठा मिळावी म्हणून रुंद काठाची हॅटही त्याच वर्षी देण्यात आली. आज ड्रिल इन्स्ट्रक्टर म्हटले की डोळ्यांसमोर येणारी ती हॅट रिबन क्रीकच्या मृत्यूंतूनच आली आहे.

मागे पडणाऱ्या किंवा ऐकत नसलेल्या मुलांसाठी विशेष प्लाटून काढण्याची पद्धतही याच काळात रुजली, आणि वीस वर्षांनी पुढचा स्फोट नेमका तिथेच झाला. १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली होती आणि भरतीचे आकडे गाठण्याचा ताण वाढला होता. टेक्ससमधला २० वर्षांचा एक मुलगा आधी प्रवेश चाचणीत नापास होऊनही भरती झाला. सान डिएगोत त्याला अशाच एका प्लाटूनमध्ये टाकण्यात आले. डिसेंबर १९७५ मध्ये दोन्ही टोकांना गादी बांधलेल्या काठ्यांच्या लढतीत त्याला एकामागून एक रिक्रूटांशी लढवण्यात आले. तो खाली पडला, लढायला नकार देऊ लागला, तरी डोक्यावर घाव बसतच राहिले. तो कोमात गेला आणि मार्च १९७६ मध्ये वारला. याच सुमारास पॅरिस आयलंडवर एका इन्स्ट्रक्टरने रिक्रूटच्या हातावर गोळी झाडल्याचे प्रकरणही बाहेर आले.

या वेळी काँग्रेसच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या. तत्कालीन प्रमुख जनरल लुईस विल्सन यांनी त्या विशेष प्लाटून बंद केल्या, अधिकाऱ्यांची देखरेख पुन्हा वाढवली आणि भरती व प्रशिक्षण एकाच जनरलच्या अखत्यारीत आणले, जेणेकरून अपात्र मुलाला आत ढकलणारा आणि त्याला घडवणारा हे दोघेही एकाच माणसाला जबाबदार राहतील. हा शेवटचा बदल सर्वांत शहाणपणाचा होता. लढतीवर देखरेख करणारा सार्जंट मात्र कोर्ट मार्शलमध्ये निर्दोष सुटला.

फेब्रुवारी २००५ मध्ये पॅरिस आयलंडच्या जलतरण तलावात १९ वर्षांचा एक रिक्रूट बुडून मेला. आदल्याच दिवशी तिथे आलेल्या टीव्ही वाहिनीच्या कॅमेऱ्यात एक इन्स्ट्रक्टर याच मुलाशी हातापायी करताना टिपला गेला होता. त्या मुलाला घरी परत जायचे होते. कॅमेरा नसता तर तो मृत्यू साधा अपघात म्हणून नोंदला गेला असता.

रहील सिद्दिकीचे प्रकरण या साऱ्याचा पुढचा अध्याय ठरते. मिशिगनमधील टेलर या गावचा, शाळेत पहिला आलेला हा मुलगा ७ मार्च २०१६ रोजी बेटावर आला. सहाव्या दिवशी त्याने आत्महत्या करण्याचे बोलून दाखवले आणि इन्स्ट्रक्टर मारतो अशी तक्रारही केली. त्याची तपासणी झाली, त्याला पुन्हा त्याच प्लाटूनमध्ये पाठवण्यात आले, आणि मारहाणीची तक्रार जिथे पोहोचायला हवी होती तिथे पोहोचलीच नाही. १८ मार्चला सकाळी घसा दुखत असल्याने त्याला ठरलेली आरोळी देता येईना. फेलिक्सने त्याला बराकीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवले, आणि तो कोसळला तेव्हा त्याच्या थोबाडीत मारली. सिद्दिकी उठून बाहेर धावला आणि जिन्याकडील कठड्यावरून खाली गेला. स्थानिक कॉरोनरने (मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने) ती आत्महत्या ठरवली, जी कुटुंबाने कधीच मान्य केली नाही.

चौकशीत पुढे आलेली सर्वांत गंभीर बाब त्याआधीच्या उन्हाळ्यातील होती. जुलै २०१५ मध्ये फेलिक्सने दुसऱ्या एका मुस्लिम रिक्रूटला कपडे वाळवण्याच्या मोठ्या यंत्रात कोंबले होते, ते सुरू केले होते आणि तो अजूनही मुस्लिम आहे का असे त्याला विचारले होते. त्याची चौकशी सुरू असतानाच फेलिक्सला सिद्दिकीच्या प्लाटूनवर नेमण्यात आले. या वेळी तरी साखळी सार्जंटवर संपली नाही: बटालियनच्या प्रमुखाला पदावरून दूर करण्यात आले आणि २०१८ मध्ये त्याने कर्तव्यात कसूर केल्याचे कबूल केले. १९५६ च्या तुलनेत हा खरा फरक आहे आणि तो मान्य करायला हवा. तरी जून २०२१ मध्ये १९ वर्षांचा आणखी एक रिक्रूट उष्माघाताने मेला. १९९६ पासून प्रशिक्षणाच्या अखेरीस ‘क्रूसिबल’ नावाची ५४ तासांची कसोटी घेतली जाते, तीच चालू असताना हे घडले. हा मृत्यू टाळता येण्यासारखा होता, असे लष्करी चौकशीनेच नमूद केले.

या कुटुंबांना न्यायालयाचे दार बंद का राहते, याचे मूळ १९५० सालात आहे. सरकारी नोकरांच्या निष्काळजीपणाबद्दल नागरिकांना सरकारवर दावा करता यावा म्हणून काँग्रेसने १९४६ मध्ये कायदा केला. पण फेरेस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल सैनिकाला किंवा त्याच्या वारसांना असा दावा करता येणार नाही. तो खटला न्यूयॉर्कमधील बराकीला लागलेल्या आगीत मेलेल्या एका सैनिकाच्या पत्नीने चालवला होता. १९८७ मध्ये न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी, आणि २०१९ मध्ये न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी हा निकाल चुकीचा असल्याचे आपल्या विरोधी मतात लिहिले, पण तो टिकून आहे. सिद्दिकीच्या आईवडिलांनी १० कोटी डॉलरच्या भरपाईसाठी केलेला दावा याच निकालाच्या आधारे फेटाळला गेला. डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यात बदल होऊन लष्करी रुग्णालयातील वैद्यकीय हयगयीबद्दल सैनिकांना संरक्षण खात्याकडे भरपाई मागण्याची मुभा मिळाली. प्रशिक्षणातील मारहाण, शिक्षा म्हणून लादलेले श्रम आणि देखरेखीतील हयगय यांना ती मुभा लागू नाही.