उभयचर नौकांची निवड

उभयचर नौकांची निवड : जहाजावरील सैनिक, रणगाडे व रसद बंदराविना थेट पुळणीवर उतरविणाऱ्या नौका निवडताना नौदले व मरीन दले लावतात ते निकष. वेगाचा आकडा चटकन नजरेत भरतो; पण निर्णायक ठरतात त्या दोन गोष्टी, किनाऱ्याचा उतार आणि नौका वाहून नेणाऱ्या जहाजाची अंतर्गत गोदी, म्हणजे वेल डेक.

नाळेकडे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडे, खाली पडणारा रॅम्प हे या नौकांचे मुख्य लक्षण. त्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. अमेरिकी लेखनात श्रेय बहुधा अमेरिकी नौकाबांधणी उद्योजक अँड्र्यू हिगिन्स यांना मिळते. मात्र जपानी दाइहात्सू नौकांचा रॅम्प अमेरिकी मरीन अधिकारी व्हिक्टर क्रुलॅक यांनी 1937 मध्ये शांघायजवळ पाहून कळविला होता, आणि ऑगस्ट 1915 मध्ये तुर्कस्तानातील गॅलिपोली मोहिमेत सुव्ला येथे ब्रिटिशांनी वापरलेल्या एक्स-लायटरनाही नाळेकडे रॅम्प होता. त्यामुळे एका शोधकाऐवजी क्रमविकास मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पुळण फार सपाट असेल तर नौकेचे बूड दूरवरच टेकते आणि रॅम्पपुढे खोल पाणी राहते. नोव्हेंबर 1943 मध्ये प्रशांत महासागरातील तारावा येथे भांगाच्या (कमी उंचीच्या) भरतीत प्रवाळखडकावर पुरेसे पाणी चढले नाही. हिगिन्स नौका तिथेच अडल्या व सैनिकांना गोळीबारात पाण्यातून चालत जावे लागले. पट्ट्यांवर चालणारी एलव्हीटी वाहने मात्र खडक ओलांडू शकली. परतणेही सोपे नसते : किनाऱ्याला लागण्याआधी मागे नांगर टाकून दोर सोडत जायचे आणि भार उतरल्यावर तोच दोर ओढून मोकळे व्हायचे, अशी जुनी रीत आहे.

हवेच्या गादीवर चालणारी अमेरिकी एलसीएसी (1980 च्या दशकापासून सेवेत) सुमारे 60 टन भार घेऊन 40 नॉटच्या आसपास धावते. जगातील सुमारे 70 टक्के किनारे तिला खुले असल्याचे म्हटले जाते. पारंपरिक नौकांसाठी हे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास धरतात. हे आकडे ढोबळच मानावेत. तिच्यात एक जड रणगाडा मावतो. पाण्यातून चालणाऱ्या संथ, पारंपरिक एलसीयू नौकेत (सुमारे 11 नॉट) दोन मावतात आणि तिचा पल्लाही बराच मोठा असतो. अमेरिकी सॅन अँटोनिओ वर्गाच्या जहाजात मात्र दोन एलसीएसी किंवा एकच एलसीयू राहते, म्हणून नौका व जहाज यांचा निर्णय एकत्रच घ्यावा लागतो. फ्रान्सच्या ईडीए-आर या जोडबुडी नौकेत मधला डेक प्रवासात उचलतात व किनाऱ्यावर खाली टेकवतात. वेग व थेट पुळणीवर लागण्याची क्षमता या दोन्ही गुणांचा मेळ घालण्याचा हा लक्षणीय प्रयत्न होय.

पोहणाऱ्या चिलखती वाहनांत वेगाचा आग्रह महाग पडला. अमेरिकी मरीन दलाचा वेगवान ईएफव्ही प्रकल्प 2011 मध्ये रद्द झाला. त्यानंतर पाण्यात संथ असलेले चाकांचे एसीव्ही स्वीकारण्यात आले.