मायग्रेनच्या ऑपरेशनआधीची दोन इंजेक्शनं: बोटॉक्स आणि नर्व्ह ब्लॉक

तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस डोकं दुखत असेल आणि त्यातले किमान 8 दिवस मायग्रेनचे असतील, तर तो क्रॉनिक मायग्रेन. एवढं सोसलेला माणूस ऑपरेशनचंही विचारतो; त्यात स्नायूत अडकलेली नस मोकळी करतात. तोवर त्याला भुवईजवळ किंवा डोक्याच्या मागे सुई टोचून झालेली असते, आणि ‘इंजेक्शनने बरं वाटलं’ एवढंच लक्षात राहिलेलं असतं. कोणत्या इंजेक्शनने, हे सर्जनला कळायलाच हवं.

बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध, हा मुळात उपचार. अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएने 2010 मध्ये त्याला मान्यता दिली. ठरलेल्या पद्धतीत कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे मिळून 31 जागी 155 युनिट्स दर 12 आठवड्यांनी देतात. गुण येतो, पण कुठल्या जागेमुळे आला ते यातून कळत नाही.

नर्व्ह ब्लॉकमध्ये लिडोकेनसारखं भुलीचं औषध एकाच नसेजवळ सोडतात. काही मिनिटांत तेवढाच भाग बधिर होतो. इथे उपचारापेक्षा तपासणी महत्त्वाची, आणि ती नीट झाली तरच उपयोगाची. ब्लॉक देताना डोकं दुखत असायला हवं. त्वचा खरंच बधिर झाली का, हेही पाहायला हवं. बधिरपणा आला नसेल तर चाचणी झालीच नाही.

खरी गफलत यापुढे होते. ब्लॉकने आराम पडला म्हणजे ती नस स्नायूत अडकली आहे, असं सिद्ध होत नाही. मानेच्या वरच्या नसांचे आणि चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेचे संदेश मेंदूच्या तळाशी एकत्र येतात. त्यामुळे मागची ऑक्सिपिटल नस बधिर केली तरी डोळ्यामागची कळ थांबू शकते, अगदी क्लस्टर हेडेकमध्येही (एका डोळ्याभोवती उठणारी तीव्र डोकेदुखी).

या ऑपरेशनच्या 2009 मधल्या एका चाचणीत 75 रुग्ण होते. खरं ऑपरेशन झालेल्यांपैकी 83.7 टक्के जणांचा त्रास किमान निम्म्याने कमी झाला, नुसता छेद देऊन शिवलेल्यांमध्ये 57.7 टक्के. दुसरा आकडा लहान नाही. अमेरिकन हेडेक सोसायटीने 2013 मध्ये, संशोधनाबाहेर हे ऑपरेशन सुचवू नये, असा सल्ला दिला. माझ्या मते फक्त ब्लॉकच्या जोरावर कुणी तारीख देत असेल तर थांबावं. वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापराने डोकं दुखतंय का, तेही आधी तपासून घ्यावं.

ब्लॉक घेतलात तर वहीत लिहा: टोचण्याआधी दुखणं दहापैकी किती होतं, बधिरपणा कुठवर आला, तो किती वाजता गेला, आणि दुखणं त्याच जागी परतलं का.