अक्षरखेळ

अक्षरखेळ : तीन ते सहा वर्षांच्या मुलाला घरच्या घरी, खेळाच्या ओघात, अक्षरांचे ध्वनी आणि आकार यांची ओळख करून देण्याची रीत. तिच्यात पाठ, परीक्षा किंवा ठरावीक तास नसतो. भाकरी थापताना, अंगणात रांगोळी घालताना किंवा बसथांब्यावर उभे असताना पाच-दहा मिनिटांत ती पार पडते. प्रस्तुत नोंदीत ही रीत सोलापूर शहरातील घरांच्या संदर्भात मांडली आहे.

अक्षरे बोटाने शिकण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. पंतोजींच्या शाळेत मुले लाकडी फळीवर पसरलेल्या बारीक धुळीत अक्षरे काढीत आणि त्या फळीला धूळपाटी म्हणत. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा करण्याची प्रथा अनेक घरांत आजही टिकून आहे. सोलापुरातील तेलुगू भाषक पद्मशाली समाजाला अक्षराभ्यासम् हा विधी परिचयाचा आहे. त्यात मुलाचे बोट धरून तांदळावर पहिले अक्षर काढून घेतात. आरंभ या अर्थाचा मराठी ‘ओनामा’ आणि वर्णमालेसाठीचा तेलुगू ‘ओनमालु’ हे दोन्ही शब्द ‘ॐ नमः’ या एकाच प्रारंभवचनातून आलेले आहेत. धूळ असो वा तांदूळ, दोन्हीकडे पहिले साधन बोट आहे, लेखणी नव्हे, आणि अक्षरखेळाचे सारे मर्म याच क्रमात आहे : आधी कान, मग बोट, मग डोळा आणि सर्वांत शेवटी पेन्सिल.

आधुनिक बालशिक्षणाने हाच क्रम शास्त्रीय पायावर उभा केला. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोम येथे पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत त्या अक्षराचा ध्वनी उच्चारते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले आणि महागडी साधने न आणता आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिकवण्यावर भर दिला. घरगुती अक्षरखेळाला हा दुसरा धडा अधिक जवळचा आहे.

कानाचा खेळ सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित. ‘क वरून काय काय?’ असे विचारताच कप, कढई, कडक भाकरी असे शब्द निघू लागतात. मराठीत अक्षराचे नाव आणि त्याचा ध्वनी बहुधा एकच असल्यामुळे मुलाला दोन गोष्टी वेगवेगळ्या लक्षात ठेवाव्या लागत नाहीत. तरी काही अक्षरे अडतात. ‘चमचा’ आणि ‘चिंच’, ‘जाते’ आणि ‘जिलेबी’ यांतील पहिला ध्वनी सारखा नाही, पण अक्षर एकच आहे. मुलाने हा फरक ओळखला, तर ते चुकले असे न मानता त्याचा कान तयार झाला असे समजावे. ‘ळ’ने मराठीत शब्दच सुरू होत नाही आणि ‘ण’चीही तीच गत आहे. त्यामुळे या दोन अक्षरांपुरता खेळ उलटा करून ‘शेवटी काय ऐकू आले?’ असे विचारावे लागते आणि बाळ, फळ, केळ, बाण, लोणी असे शब्द पुढे करावे लागतात. ज्या घरात आजी तेलुगू किंवा कन्नड बोलते, तेथील मुलाच्या कानाला ‘ळ’ आणि ‘ण’ आधीपासून ओळखीचे असतात, आणि क-ख-ग-घ हा क्रमही या तिन्ही भाषांत सारखा आहे. घरातली दुसरी भाषा मराठीच्या आड येते हा समज या बाबतीत निराधार आहे, हे येथे आग्रहाने नोंदवले पाहिजे.

बोटाच्या खेळासाठी सोलापूरच्या स्वयंपाकघरात परात आणि ज्वारीचे पीठ हाताशी असते. पीठ मळण्याआधी आजी दोन मुठी पीठ परातीत पसरते आणि हात धुऊन बसलेली नात त्यात तर्जनीने ‘ग’ काढते. आधी डावीकडचा वळसा येतो, तो बहुधा फार फुगतो. मग ‘उभी रेघ वरून खाली आण, बाळा’ असे सांगताच रेघ परातीच्या काठापर्यंत जाते. शेवटी डोक्यावरची आडवी रेघ. बिघडले तर परात हलकेच हलवायची, की पीठ पुन्हा सपाट. चुकीची खूण मागे उरत नाही, खोडरबर लागत नाही, आणि त्याच पिठाची भाकरी होते. पूर्व भागातील यंत्रमागाच्या घरांत सुताचे तुकडे सहज मिळतात. जाड पुठ्ठ्यावर खळीने सूत चिकटवून केलेले अक्षर खरखरीत कागदाच्या अक्षराचेच काम करते. त्यावरून बोट फिरले की वळण हातात उतरते. चिंचोके मांडूनही अक्षर करता येते, मात्र लहान मुले ते तोंडात, नाकात घालतात, म्हणून मोठे माणूस शेजारी असल्याशिवाय हा खेळ देऊ नये.

पेन्सिलची घाई मात्र टाळावी. साधारणतः तिसऱ्या वर्षी मूल गोल काढू लागते, चौथ्याच्या सुमारास फुली जमते आणि त्रिकोणाला पाचवे वर्ष उजाडते. ज्या हाताला अजून तिरकी रेघ जमत नाही, त्याच्याकडून पाटीभर ‘क्ष’ गिरवून घेणे अन्यायाचे आहे.

डोळ्याचा खेळ रस्त्यावर होतो. मुलाला आधी स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर ओळखता येते आणि मग ते दुकानांच्या पाट्यांवर, एसटीच्या ‘अक्कलकोट’, ‘पंढरपूर’ अशा फलकांवर, जानेवारीतील गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यांच्या फलकांवर त्याचा शोध घेऊ लागते. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे छापण्यात दोन रूपांत आढळतात. मूल गोंधळले तर दोन्ही रूपे एकाच अक्षराची आहेत असे सरळ सांगावे. घ-ध, भ-म, ब-व, थ-य या जोड्या एकाच दिवशी शिकवू नयेत. एक अक्षर पक्के झाल्यावर काही दिवसांनी दुसरे घ्यावे. याउलट, वळणाने जवळची पण सहज वेगळी कळणारी अक्षरे एकत्र घेतल्यास हाताला सोपे जाते. ‘गमभन’ हा शब्द अक्षरओळखीचा पर्याय म्हणून रूढ झाला, तो या सारख्या वळणामुळेच. त्यांतील ‘भ’ तेवढा मागे ठेवावा.

या खेळाची मर्यादा बाराखडीपाशी येते. काना मुलाला लवकर कळतो, कारण ‘क’ शेजारी उभी रेघ दिली की ‘का’ होते आणि पिठात ते लगेच करून पाहता येते. पहिली वेलांटी मात्र उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिताना त्याच्या आधी. ‘कि’ काढताना पाच वर्षांचे मूल हमखास आधी ‘क’ काढते आणि वेलांटी उजवीकडे देते. ती जागा, तसेच जोडाक्षरे, पहिलीच्या वर्गासाठी राखून ठेवलेली बरी.