कलाशिक्षकाची पदविका आणि ‘निदेशक’ हा शब्द

मुंबईतल्या सर जे. जे. कलाशाळेत १८९३ साली चित्रकला शिक्षक तयार करण्याचे वर्ग सुरू झाले. त्या काळच्या चित्रकलेत भर होता तो हाताला वळण लावण्यावर: भूमिती, मुक्तहस्तचित्र, समोरचा नमुना हुबेहूब उतरवणे.

आजची ‘एटीडी’, म्हणजे कला शिक्षक पदविका, त्याच वाटेवरची. पण तिचा गाभा बदलला आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे सगळे आहेच. सोबत शिक्षणशास्त्र, पाठ टाचण, फळ्यावरचे रेखाटन आणि शाळेत जाऊन घ्यायचे सराव पाठ. खरी कसोटी या पाठांत लागते. सहावीतला मुलगा माठाचे तोंड पूर्ण गोल काढतो आणि बूड पट्टीने आखल्यासारखे सरळ. छात्रशिक्षकाचा हात लगेच त्याच्या कागदाकडे जातो. तो तिथेच आवरायचा. मुलाला उठवून माठ आधी वरून, मग डोळ्यांच्या पातळीवर आणून पाहायला लावायचा. स्वतःला उत्तम चित्र येते म्हणून हे आपोआप जमत नाही.

वाद मात्र या तयारीचा नाही, ती पूर्ण केल्यावर शाळेत मिळणाऱ्या पदाच्या नावाचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पट शंभरावर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना ‘अंशकालीन निदेशक’ द्यावेत, असे आहे. ‘शिक्षक’ नव्हे. निदेशक हा शब्द आपल्याला आयटीआयमधून परिचयाचा: यंत्रावरचे काम करून दाखवणारा. महाराष्ट्रात पुढे ‘अतिथी निदेशक’ही आले, तासिकेप्रमाणे मानधन घेणारे. लहान शाळेत एका कलाशिक्षकाला पुरेशा तासिका भरत नाहीत, हा त्यामागचा युक्तिवाद; हिशेब म्हणून तो चुकीचा नाही. पण माठाचे बूड सरळ काढणारा मुलगा जानेवारीत ते वळवायला लागला का, हे पाहायला तोच माणूस जूनपासून वर्गात असावा लागतो. पदविका शिकवते ती हीच नजर. पट शंभराच्या आत असेल, तर परिशिष्टात अंशकालीन निदेशकाचीही सक्ती नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यासक्रमातले विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंत नको, असे म्हटले. परिशिष्टातला शब्द ‘अंशकालीन निदेशक’ हाच राहिला.