मेल येवो न येवो, बॅटरी का उतरते

परभणी हिंगोलीकडं लाईट गेली की लोक आधी फोनचा ब्राईटनेस कमी करतेत, पण स्क्रीन बंद असली तरी मेलचं सिंक, म्हणजे सर्व्हरवरचा नवीन मेल फोनवर आणणं, मागं चालूच असतं आणि त्याचं मूळ स्मार्टफोनच्याही लई आधीचं आहे.

सर्व्हरवरून मेल आणायच्या दोन जुन्या पद्धती आहेत: पॉप 1984 चं, आयमॅप मार्क क्रिस्पिन यांनी 1986 ला स्टॅनफर्डमध्ये सुरू केलेलं. दोन्ही वायरीवरच्या कॉम्प्युटरसाठी, तिथं दर पाच मिनिटाला "नवीन मेल आहे का" विचारलं तरी कोणाचं काय बिघडत नव्हतं. तीच पद्धत खिशातल्या फोनमध्ये आली आणि खरा घोळ झाला. फोनचा रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, एकदा जागा झाला की काम क्षणात उरकलं तरी अजून डेटा येईल म्हणून पुढं काही सेकंद जोरातच चालू राहतो. 15 मिनिटाचं सेटिंग म्हणजे दिवसातून 96 वेळा हेच, एकही मेल आला नसला तरी! त्यात शेतात रेंजची एकच काडी असली की टॉवरपर्यंत पोचायला ताकद अजून जास्त लागते, म्हणून नांदेडात नीट चालणारा फोन गावाकडं लवकर मान टाकतो.

तोड तशी लवकर सुचली होती. 1997 ला आयमॅपमध्ये आयडल आलं, म्हणजे लाईन उघडी ठेवायची आणि मेल आला की सर्व्हरनंच सांगायचं. 1999 ला ब्लॅकबेरीनं पुश मेल, म्हणजे न विचारता आपोआप येणारा मेल, खिशात आणला. पण मोबाईल नेटवर्क शांत पडलेली लाईन तोडून टाकतं, मग ती जिवंत ठेवायला फोनला अधूनमधून निरोप पाठवावाच लागतो, आणि तीन अकाउंट असले तर तीन लाईनी. माझ्या मते खरा फरक पडला तो 2009 ला ॲपलनं आणि 2010 ला गूगलनं सगळ्या ॲपसाठी एकच सामाईक लाईन दिली तेव्हा. 2015 ला अँड्रॉइड 6 मध्ये डोझ आलं, पडून असलेल्या फोनची मागची कामं एकत्र गोळा करून करायची.

तरी जुनी पद्धत गेली नाही. 2013 पासून गूगलनं फुकटच्या नवीन अकाउंटला एक्सचेंजवाली (मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीची, पुश देणारी) जोडणी बंद केली, म्हणून आयफोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये जीमेल ठरावीक वेळानंच येतो, जीमेलचं ॲप टाकलं तर लगेच कळतं. कॉलेजचा, ऑफिसचा मेल पॉपवर असेल तर त्यात पुशची सोयच नाही, तिथं वेळ तासाभराची करा नाहीतर हातानं रिफ्रेश मारा.